चिठ्ठीखालचं चित्र

लालबाग,
बुधवार, ८ जानेवारी २०२५

प्रिय मनू,

ज्यांनी दारोदार फिरून लोकांच्या रद्दीतली पुस्तकं मागून आणली, त्यांना घरी खळ करून पुठ्ठे चढवले, आणि ज्यांच्याच वाचनालयातल्या एका कपाटाला आज कुलूप लागलं आहे, अशा समस्त संस्थापक सभासद भगिनींनो! म्हणजे तू आणि मी. बाकीच्या वर गेल्या, नाहीतर सभासदत्व सोडून विरारला.

हसू नकोस. मला समोर सभा धरल्याशिवाय सुरुवात करता येत नाही, हे तुला माझ्या आईपेक्षा जास्त ठाऊक आहे.

सोबत तिळगूळ पाठवते आहे. लाडू कडक झालेत, दात सांभाळून खा. माझे गुडघे जिना चढताना बोलतात, पण उतरताना गप्प असतात. चाळ अजून उभी आहे. बिल्डरची माणसं महिन्याकाठी येतात, नकाशे पसरतात, चहा पितात आणि जातात. तू तिकडे वडाळ्याच्या एकविसाव्या मजल्यावर कशी आहेस? तुझ्या निमेशच्या मुलीचा पहिला वाढदिवस झाला असेल. फोन करत नाही, कारण तो तुझी सून उचलते आणि लगेच स्पीकरवर ठेवते. चांगली मुलगी आहे. पण मला तुझ्याशी बोलायचं आहे, तुमच्या हॉलशी नाही.

आता मुद्द्यावर येते. रविवारी, १९ तारखेला, संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाची सर्वसाधारण सभा आहे. कार्यकारिणीने ठरवलं आहे की आपल्या खिडकीजवळच्या लहान कपाटातली जपानी चित्रकथांची सगळी पुस्तकं काढून टाकायची. काढून टाकायची म्हणजे रद्दीत. कुलूप आत्ताच लावलंय, किल्ली जयवंतच्या खिशात. जयवंत मेस्त्री, आपण पाळण्यात पाहिलेला जया, आता वाचनालयाचा कार्यवाह आहे. तो मला सांगायला आला ते तुला जसंच्या तसं लिहिते.

"ताई, तक्रार आली आहे."

"कुणाची?"

"नाव राहू दे. एका पालकाची. त्या जपानी कॉमिक्समध्ये... म्हणजे दोन बायका आहेत."

"मग? दोन बायका काय करतात?"

"तुम्हाला कळतंय, ताई."

"मला कळतंय रे. तुला बोलता येतं का ते बघतेय."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "पोरं काय शिकणार, सांगा ना. इथे शाळेतली पोरं येतात."

"जया, इतकी वर्षं ह्या वाचनालयात नुसत्या नवरा-बायकोच्या गोष्टी आहेत. सगळ्या वाचल्या मी. काय शिकले? बिनलग्नाचीच राहिले ना?"

तो हसला, मग हसू आवरलं. वाईट माणूस नाही गं. करोनात माझा ऑक्सिजनचा सिलिंडर त्याने खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर आणला होता, तेव्हा सख्खे नातेवाईक जिन्याच्या खाली उभे होते. पण चांगली माणसं घाबरली की वाइटांपेक्षा जास्त नुकसान करतात, कारण त्यांचं सगळे ऐकतात.

मी त्याला सांगितलं, मी ठराव मांडणार. तर म्हणतो, "मांडा ना ताई. पण वाचनालयाची घटना तुम्हीच लिहिली होती. कार्यकारिणीचा निर्णय फिरवायचा तर ठराव संस्थापक सभासदाने मांडायचा, आणि दुसऱ्या संस्थापक सभासदाने सभेत उभं राहून, सूचकाचं पूर्ण नाव घेऊन, अनुमोदन द्यायचं. दुसरं आता आहे कोण?"

मी गप्प बसले. मी, मनू! गिरणीच्या गेटवर हातगाडीवर उभी राहून पोलिसांच्या गाड्यांवरून आवाज पोचवणारी मी. तो नियम मीच घातला होता, उद्या कुणी पुरुष येऊन बायकांची पुस्तकं बाहेर फेकू नयेत म्हणून.

पण आधी तुला ते कपाट कसं भरलं ते सांगायला हवं.

समोरच्या खोलीतली रुपाली आठवते? तिची मुलगी आकांक्षा आता कॉलेजात आहे. ही पोरगी माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं उचलून आणायची. इंग्रजीत भाषांतर केलेल्या जपानी चित्रकथा. मांगा म्हणतात त्यांना. वाचून झालं की घरी ठेवायला जागा नाही म्हणून वाचनालयाला द्यायची. मग तिच्या मैत्रिणी आणायला लागल्या. वर्षभरात कपाट भरलं. मनू, आपल्या वाचनालयात गेली दहा वर्षं पेन्शनर पेपर वाचायला येतात आणि पंख्याखाली झोपतात. त्या कपाटापाशी मात्र मुलं जमिनीवर बसून वाचायला लागली. एका पुस्तकासाठी थांबायला लागली. मला तेवढं पुरेसं होतं. आत काय आहे ते मी बघितलंही नव्हतं. कॉमिक्सच ना, म्हटलं. सगळं वाचलेल्या माणसाचा माज असतो तो.

मी माझं काम केलं. प्रत्येक पुस्तकाला शिक्का मारला आणि आपल्या रीतीप्रमाणे पहिल्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी डकवली. डावा पुठ्ठा उघडायचा, चिठ्ठी चिकटवायची, तळहाताने दाबायची. तूच शिकवलं होतंस, बुडबुडा राहता कामा नये म्हणून.

मागच्या पावसाळ्यात गुडघ्याने आजारी पडले तेव्हा त्यातलं एक पुस्तक उघडलं. रेशमाच्या गिरणीत काम करणाऱ्या दोन मुलींची गोष्ट. किनू आणि फुमी. गिरणी म्हटल्यावर मी सोडणार होते थोडीच? आणि ते इतकं खरं होतं! गरम पाण्यात कोष बुडवून त्यांची बोटं पांढरी पडलेली, वसतिगृहात एका खोलीत वीसजणी, भोंगा. शंभर वर्षांपूर्वीचं जपान आणि थेट आपला परळचा नाका. मी अख्खं पुस्तक वाचलं आणि मला फार त्रास झाला. गोष्ट अशी होती की एक म्हातारी एका दारापासून निघून गाडीने लांब जाते, मग दोघींपैकी एकीचं लग्न होतं, मग त्या तरुण होतात, एका पांघरुणात कुजबुजतात, आणि शेवटी गिरणीच्या दारात दोघी अशा उभ्या, जणू एकमेकींना कधी पाहिलंच नाही. ओळखदेखील नाही! म्हटलं, काय निर्दय लेखक आहे.

आकांक्षाला हे सांगितलं, तर ती खाली बसून हसली.

"आजी, तुम्ही उलटं वाचलंत!"

"म्हणजे?"

"जपानी पुस्तक उजवीकडून उघडतात. तुमचं पहिलं पान ते शेवटचं. अख्खं उलटं वाचलंत?"

"अख्खं."

"आणि कळलं?"

"रडले."

"उलटं वाचून पण?" असं म्हणाली, आणि मग हसायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मी कपाटाकडे बघितलं.

मग लक्षात आलं की मी प्रत्येक पुस्तकाची चिठ्ठी शेवटच्या पानावर डकवली आहे. थेट शेवटच्या चित्रावर. इतके महिने ही मुलं प्रत्येक गोष्टीचा शेवट चिठ्ठीच्या खाली ठेवून पुस्तक परत करत होती. विचारलं, बोलला का नाहीत? तर म्हणते, "आम्हाला वाटलं मुद्दाम लावलंय. म्हणजे, कुणी मोठ्यांनी बघू नये म्हणून. आम्ही पान बल्बसमोर धरून बघतो ना."

मुद्दाम झाकलं, आणि त्यांच्याच भल्यासाठी झाकलं, असं वाटलं त्यांना. केवढा विश्वास हा, आणि केवढी सवय!

मग मी ते सगळं कपाट वाचलं. उजवीकडून डावीकडे, नीट. मनू, मी जगातल्या क्रांत्या वाचल्या आहेत. कुणावरही दोन तास बोलू शकते. पण त्या पुस्तकांनी माझं तोंड बंद केलं. त्यात भाषणं नाहीत. पानंच्या पानं शब्दाशिवाय. एक खिडकी. एक हात. दोघी बस चुकल्यामुळे चालत निघाल्या आहेत, एवढ्याच गोष्टीला तीन पानं. दोन मुलगे एका डब्यातून भात खातात आणि एकाच्या गालाला शीत लागलं आहे, दुसरा ते बघतो आणि सांगत नाही. हे मोठं करून काढलेलं. ज्या गोष्टी लोक बघायच्या आत पुसून टाकायच्या असतात, त्यांना कुणीतरी अख्खं पान दिलं आहे.

आकांक्षाला विचारलं, तुम्हाला यात काय आवडतं? म्हणाली, "शेवटी कुणी मरत नाही, आजी. आपल्याकडच्या गोष्टीत असं माणूस आलं की मरतं, नाहीतर वेडं होतं, नाहीतर लोक हसतात. इथे भांडण होतं, परीक्षेत नापास होतात, आणि दुसऱ्या दिवशी जेवतात." मग म्हणाली, "आणि लांबचं आहे ना. आईने उघडून बघितलं तरी तिला वाटतं कार्टून. नावं पण कळत नाहीत. आपली नावं असती तर मी घरी आणूच शकले नसते."

तिने मला स्वतःबद्दल काही सांगितलेलं नाही. मी विचारलं नाही. पण पुस्तक परत करायला ती ते छातीशी धरून आणायची, आणि काउंटरवर ठेवताना थोडी थांबायची.

तक्रार रुपालीची आहे. ह्या खेपेला उघडून बघितलं ते कार्टून वाटलं नाही तिला. आकांक्षाच्या उशीखाली एक सापडलं. आरडाओरडा नाही, मार नाही. फक्त मुलीच्या मामाला गावाहून बोलावलं आहे आणि स्थळं बघायची चर्चा आहे. आकांक्षा आता वाचनालयासमोरून जाते ती समोर बघत जाते. परवा मी गॅलरीतून हाक मारली, "ये गं!" तर म्हणाली, "नको आजी, उगाच तुमचंही नाव खराब होईल." माझं नाव! एकोणीस वर्षांची पोर मला सांभाळते आहे.

रुपालीला मी दोष देत नाही. तुझ्या आईलाही कधी दिला नव्हता.

हे वाक्य लिहून मी उठले, दूध तापवलं, खालच्या नळाची रांग बघून आले. आता परत बसते. बोलते म्हणजे बोलते.

गिरण्यांच्या संपाचं वर्ष होतं. दिवसा आपण धान्य मागत फिरायचो, मी भाषण करायचे आणि तू पदर पसरायचीस. संध्याकाळी तुमच्या खोलीच्या माळ्यावर आपण एका पुस्तकात दोघी. मी वाचायची, तू पान उलटायचीस. मी वाक्याच्या शेवटाला यायच्या आधीच तुझं बोट कोपऱ्यावर असायचं. "किती बोलतंस गो! वाच नुसता," म्हणायचीस. मी सभेत हजार माणसांसमोर बोलायची, पण त्या माळ्यावर मला एकच श्रोता हवा होता, आणि तो श्रोता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ऐकायचा. पुढचं मी लिहीत नाही. ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे.

मग एके दिवशी मी आले आणि माळ्याची शिडी नव्हती. तुझ्या आईने ती शेजारच्यांना देऊन टाकली होती. काही बोलली नाही. मला चहा दिला. आपण दोघी खाली बसून वर बघत होतो, तुझा कंदील तसाच वर राहिला होता. शिडी काढून टाकायला भाषण लागत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

त्याच वैशाखात तुझं लग्न. आणि तुला उखाणा सुचेना. सगळ्या पोरी हसत होत्या, तू माझा हात धरून म्हणालीस, "कमळ, तूच दी करून. माका नाय जमणा." मी करून दिला. मांडवात तू तो म्हणालीस, मला अजून तुझा आवाज ऐकू येतो:

माळ्यावरच्या कंदिलाखाली उघडं राहिलं पान,
विश्वनाथरावांचं नाव घेते, राखून सगळ्यांचा मान.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरी सुशिक्षित दिसते, म्हणाले. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. नाव त्यांचं होतं. पान आपलं होतं. आयुष्यात मी लिहिलेल्या सगळ्या भाषणांत तेवढ्या दोन ओळी खऱ्या, आणि त्याही मी दुसऱ्याच्या नावावर करून दिल्या.

विश्वनाथरावांबद्दल माझ्या मनात काही नाही. भला माणूस. वाचनालयाच्या स्थापनेला तुझ्या सहीसाठी ते स्वतः तुला भायखळ्याहून सोडायला आले होते. ते गेले तेव्हा मी तुला म्हटलं, माझ्याकडे राहायला ये. तू म्हणालीस, "ह्या वयात लोक काय म्हणतले?" आणि मग तुझा फोन स्पीकरवर गेला. मी रागावले नाही असं लिहिणार होते. रागावले होते. पण तुझ्यावर नाही. कुठल्याही वयात लोक काही म्हणणारच असतील, तर आपलं वय नेमकं कधी येतं, हा राग होता.

गेल्या आठवड्यात, कुलूप लागायच्या आदल्या दिवशी, मी किनू आणि फुमीचं पुस्तक घरी आणलं होतं. कुलपातून ते एकच सुटलं. ओलं फडकं ठेवून चिठ्ठी भिजवली. खळ आपलीच, जुन्या पद्धतीची, सुटायला वेळ लागला. हळूहळू सोलली. खालचं चित्र फार साधं आहे. म्हातारी फुमी गाडीने कुठल्याशा लहान गावी उतरते, विचारत विचारत एका दारापाशी येते. मला वाटत होतं शेवटी काही मोठं बोलतील. मी असते तर बोलले असते. चिठ्ठीखाली फक्त दार उघडून उभी असलेली म्हातारी किनू आहे. हातात भांडी पुसायचं फडकं. आणि तिच्या तोंडाजवळ एकच शब्द. "फुमी."

बस. तिने नाव घेतलं. पुस्तक संपलं.

तेव्हा मला कळलं की मी हयातभर काय उलटं वाचत आले. मी समजत होते आपली गोष्ट अशी आहे की आधी जवळ होत्या आणि शेवटी ओळखही राहिली नाही. पण शेवट कुठला, हे पुस्तक कुठून धरलं आहे त्यावर आहे. आणि आपलं अजून हातात आहे, मनू. आपण दोघी जिवंत आहोत.

आता रविवारचं. चाळीतले बरेचजण मला जिन्यात थांबवून सांगून गेलेत, "ताई, हात वर करू, फक्त उभं राहायला सांगू नका." हात वर होतील, मी न मोजताही सांगते, होतील. पण ठराव मताला टाकायच्या आधी अनुमोदक लागतो, आणि अनुमोदक जगात एकच उरली आहे. अनुमोदन मिळालं नाही तर ठराव पडला. मग सोमवारी रद्दीवाला येईल, आणि आकांक्षाला कळेल की तिची शिडी तिच्या आईने नाही, आपण काढली.

मी तुझ्याबद्दल अवाक्षर बोलणार नाही. माळा, उखाणा, काही नाही. मी फक्त माझं बोलेन. म्हणेन की मी चौसष्ट वर्षांची आहे, ह्या वाचनालयातली सगळी पुस्तकं वाचली आहेत, आणि मी स्वतःला पहिल्यांदा भेटले ती त्या बंद कपाटात. हे वाक्य मी चार दिवस आरशासमोर म्हणून बघते आहे. हातगाडीवर चढायच्या आधी कधी तालीम केली नव्हती. तुझी खुर्ची रिकामी असली तरीही मी बोलणार आहे, हे धमकी म्हणून नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहिते. पण ठराव मग पडेल, आणि मी खाली बसेन, आणि जयवंत मला पाणी आणून देईल. एवढंच होईल.

निमेशला सांग, जुन्या मैत्रिणीकडे हळदीकुंकू आहे. खोटं नाही ते, संक्रांतीचेच दिवस आहेत. तो गाडीने सोडेल. आत यायची त्याला गरज नाही. जयवंत विचारेल, "अनुमोदन?" तुला भाषण करायचं नाही, कधीच आवडलं नाही ते तुला. नियमात एकच वाक्य आहे, त्यात पहिलं माझं नाव येतं, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि ह्या खेपेला उखाणा करून द्यायला मी नाही.

रविवारी पाच वाजता ये. उभी राहा. आणि सगळ्यांसमोर एकदा माझं नाव घे.

पान उलटायची वाट बघणारी,
तुझी
कमळ शिवराम घाडी